न धुतलेला स्वेटर

९ जानेवारी

वन्सं,

वयानं मी मोठी आणि मानानं तुम्ही, तेव्हा आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही या पाकिटात कोंबलेत. हवा तो ठेवून घ्या.

सोबतच्या पार्सलात स्वेटर आहे. तुमच्या दादांसाठी एक विणला, लोकर उरली, मग तुमच्यासाठी दुसरा विणायला घातला. उरलेल्याचा आहे म्हणून नाक मुरडू नका. माप जुन्या अंदाजानं घेतलंय. मधल्या काळात तुम्ही आडव्या वाढला असाल तर तो दोष विणीचा नाही.

लोकर घरचीच. तेल न काढता तशीच कातली आहे, म्हणून हाताला जरा चिकट लागेल. धुवू नका. साबण लागला की तेल जातं, मग थंडी आत आणि ऊब बाहेर. धुतलात असं कळलं तर पुढचा स्वेटर शेजारणीच्या कुत्र्याला विणीन.

ह्यांची तब्येत बरी. डाव्या हातात झटक्यानंतर अजून जोर नाही, बोलणं मोजकं. तसं आधी तरी ते कुठं भाषणं ठोकत होते! थोडं विसरतात. फोन मात्र करू नका. तुम्ही करता आणि ते नेमके झोपलेले असतात. पत्र लिहा, मी वाचून दाखवते.

मेंढ्यांचं विचारलंत. आहेत.

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद ठेवून घेतला, नमस्कार परत पाठवते. असल्या वस्तू ठेवायला माझ्याकडे कपाट नाही.

स्वेटर घालूनच लिहिते आहे. काखेत थोडा घट्ट होतो, म्हणजे माप बरोबर आणि मी चूक. वासाचं म्हणशील तर मला कसलाच येत नाही. एवढी वर्षं मेंढ्यांत काढल्यावर नाक आधीच निवृत्त झालंय, बाकीची मी रांगेत आहे. कुठल्या मेंढीची लोकर गं? त्या फाटक्या कानाच्या म्हातारीची का? तिला मी बाटलीनं दूध पाजलं होतं.

इथलं सांगते. आमच्या पैदास केंद्राच्या साहेबांनी यंदा स्पष्टच सांगितलंय: या वसंतात मेंढ्यांना टोचायच्या नव्या सुईचा निकाल दाखवा, नाहीतर केंद्र बंद आणि कळप लिलावात. लिलावाला कोण येतं तुला माहीत आहे. ते मेंढीची तब्येत विचारत नाहीत, वजन विचारतात.

दादाला वाचून दाखवशील म्हणून सोपं करून लिहिते. दिवस लांबायला लागले की मेंढीचं अंडाशय सुट्टीवर जातं. सुट्टी म्हणजे आमच्या कचेरीसारखी. काम चालू दिसतं, निघत काही नाही. आत पाण्याचे बारीक बुडबुडे उठतात. त्यांना आम्ही पुटिका म्हणतो. प्रत्येकीच्या पोटात एक अंडं. एकदम चारपाच उठतात, त्यातली एखादी पुढं जाते आणि मेंदूला निरोप धाडते, की आता रसद तोडा. मेंदू तोडतो. बाकीच्या उपाशी सुकतात. आणि ती मोठी? तिला फुटायला वरून एक शेवटचा हुकूम लागतो, आणि या ऋतूत तो सुटतच नाही. ती वाट बघते, आणखी वाट बघते आणि विरघळते. मग पुढची तुकडी. आमची सुई तो हुकूम बाहेरून देते. अर्ध्या मेंढ्यांना सुई, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. सुईवाल्या जाग्या झाल्या आणि मीठपाणीवाल्या झोपून राहिल्या की आम्ही जिंकलो.

गोची एकच आहे. एडक्याचा नुसता वास लागला तरी मेंढीच्या मेंदूतून तोच हुकूम सुटतो. एडका दिसायला नको, ओरडायला नको; त्याच्या लोकरीचा वास पुरे. म्हणून मीठपाणीवाल्या टेकडीपलीकडच्या शेडमध्ये ठेवल्यात आणि आत जाण्याआधी अंघोळ, वेगळे कपडे, वेगळे बूट असा नियम मी केलाय. त्या शेडची राखण करतो तो शेडमामा रोज सकाळी थंड पाण्यानं अंघोळ करून कुडकुडत उभा असतो. म्हणतो, "बाई, या बायांपायी मी एक दिवस न्युमोनियानं जाणार." मी म्हटलं, "जा, पण अंघोळ करून जा."

मी ॲप्रनच्या आत तुझा स्वेटर घालते. तो घरून आलाय, इथल्या एडक्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नाही, म्हणून त्याला नियम लागू नाही. नियम माझा, तेव्हा अर्थही मीच लावणार.

तुझी वन्सं


२० फेब्रुवारी

वन्सं,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. बुडबुड्यांपाशी आले तोवर ते झोपले होते. तुमच्या शास्त्राचा अपमान समजू नका, ते माझ्या बोलण्यातही झोपतात.

मला मात्र सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. एकीनं पुढं जायचं, बाकीच्यांची रसद तोडायची, म्हणजे माझ्या माहेरचंच वर्णन झालं. आमच्या थोरलीनं आयुष्यभर हेच केलं. पण जी पुढं गेली तिलाही शेवटी काही मिळत नाहीच म्हणता. हे तुम्हाला कळायला एवढी यंत्रं लागली?

कुठल्या मेंढीची लोकर ते विचारलंत. ऊब लागते ना? मग दूध पिताना गाईची जन्मतारीख विचारू नये.

ह्यांचा स्वेटर तर अंगावरून निघत नाही. काढायला गेलं की लहान मुलासारखे हात घट्ट धरतात. बाही नाकाशी नेतात आणि तशीच धरून बसतात. मग घर शांत असतं.

तुमच्या त्या मामांना गरम पाणी द्या. राबणाऱ्या माणसाला थंड पाणी देऊन कुठलं शास्त्र पुढं गेलंय?

वहिनी


११ मार्च

वहिनी,

गरम पाण्याची मागणी साहेबांकडे पाठवली. साहेब म्हणाले, बंबाची तरतूद पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष आहे की नाही ते ठरवायलाच हा सगळा खटाटोप चाललाय, असं मी म्हणाले नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी म्हणत नाही. त्यामुळे नोकरी टिकते आणि पित्त वाढतं.

पण एक आनंदाची बातमी. टेकडीपलीकडच्या मेंढ्या माझ्या प्रेमात पडल्यात. खरंच सांगते! इतकी वर्षं मेंढी म्हणजे माझ्याकडे पाठ करून उभं राहणारं जनावर. आता मी शेडमध्ये पाऊल टाकलं की सगळ्या रवंथ थांबवून उठतात, गोळा होतात, ॲप्रनच्या बाहेर आलेल्या बाह्यांना नाकं लावतात, कोपराला घासतात. एक तर माझ्या काखेत तोंड खुपसून डोळे मिटून उभी होती. मामा कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "चारा मी घालतो, शेण मी काढतो, आणि मला कुत्रं विचारत नाही. तुम्ही काय केलंत बाई?" मी म्हटलं, "माया लागते रे, माया." तो म्हणाला, "एवढी माया तुमच्यात होती हे आम्हाला आधी सांगायचं."

हसू नकोस. या वयात कुणी धावत जवळ येतं त्याचं काय वाटतं ते तुला नाही कळायचं. तुझ्याकडे दादा आहे.

पहिली तपासणी महिनाअखेर. बाहेरची समितीही त्याच दिवशी येते आहे.

वन्सं


२४ मार्च

वन्सं,

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मेंढ्या बघते आहे. मेंढी माया करत नाही. तिला काहीतरी हवं असतं. तुमच्याजवळ काय आहे ते एकदा झडती घेऊन बघा. खिशात मीठ राहिलं असेल.

आपला सरदार एडका म्हातारा झालाय. पुढचे दात गेले, ओलं करून घातलं तर खातो. तरी रोज सकाळी त्याला ह्यांच्या खाटेपाशी आणून उभा करते. त्याचं काय ते पुढं कधीतरी सांगेन. आज हात दुखतो.

माझ्याकडे दादा आहे म्हणता. आहे.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

संपलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर टेकडीपलीकडच्या मेंढीत पाण्याचा काळा गोल दिसायला हवा होता. त्या जागी भरीव करडा गोळा. पुटिका फुटून अंडं निघून गेलं की तिथं तो गोळा बसतो. मला वाटलं, एखादी असेल तशी. दुसरी घेतली. तिच्यातही गोळा. मग समितीसमोर एकामागून एक आणत राहिले आणि प्रत्येकीत तेच. मीठपाण्यावर ठेवलेल्या मेंढ्या सुईवाल्यांच्या इतक्याच टक्क जाग्या. समितीतल्या बाईंनी मला गोड आवाजात विचारलं, "मग तुमची सुई नक्की करते काय?" साहेब छताकडे बघत होते. छत गळतं, पण त्या दिवशी त्यांना ते पहिल्यांदाच दिसलं असावं.

सुई खोटी नाही, वहिनी. त्या शेडमध्ये एडक्याचा वास गेला, दुसरं कारणच नाही. कुणीतरी नेला. आणि आत जाणारी माणसं दोनच, मी आणि मामा. मामाची खोली एडक्यांच्या शेडला लागून आहे. मी साहेबांना तसं लिहून दिलं. मामानं पोरांची शपथ घेतली, की एकही दिवस अंघोळ चुकवली नाही. मी म्हटलं, शपथेला वास नसतो. साहेब खूश झाले. निकाल नाही तर नाही, निदान गुन्हेगार तरी सापडला. त्याच दिवशी त्याला काढलं. त्यानं वेगळे बूट धुवून, जोडीनं दाराशी ठेवले आणि गेला.

मेंढ्या अजूनही मी गेले की गोळा होतात. मी पाठ करून उभी राहते.

वन्सं


२६ एप्रिल

वन्सं,

सरदार गेला. सकाळी उठलाच नाही. आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून सगळंच लिहिते. बसून वाचा.

मेंढ्या मी पानगळीतच विकल्या. माणसाला उठवा-बसवायचं आणि कळपामागंही जायचं, दोन्ही होईना. त्यात तुम्ही बाटलीनं दूध पाजलेली म्हातारीही गेली. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. फक्त सरदार ठेवला, कारण हे दुसऱ्या कुणाला ओळखत नाहीत. मला नाही. पोराला नाही. आरशात बघून स्वतःलाच नमस्कार घालतात. परवा मला म्हणाले, "बाई, तुमचं घर कुठं?" म्हटलं, "इथंच, जवळ." म्हणाले, "मग अंधार व्हायच्या आत निघा."

पण सरदारला आणून उभा केला की उजवा हात वर यायचा. शिंगामागं खाजवायचे, तोंड त्याच्या मानेत घालायचे आणि म्हणायचे, "आलास का?" मग थोडा वेळ ते परत ते असायचे. त्या थोड्या वेळात माझ्याकडेही बघायचे आणि म्हणायचे, "चहा झाला का गं?" एवढंच. त्यासाठी मी एडका पाळला होता.

दोन्ही स्वेटर त्याच्याच लोकरीचे. मुद्दाम. तो गेल्यावर निदान वास तरी राहावा म्हणून तेल काढलं नाही. बाही नाकाशी धरली की अजूनही "आलास का" म्हणतात, आणि मागोमाग मला चहाचं विचारतात. तुमचा स्वेटर उरलेल्याचा असं मी म्हणाले ते खोटं. त्यांचा विरला तर दुसरा जगात कुठंतरी असावा म्हणून तो विणला. तुमच्याइतकं जपून कुणी ठेवणार नाही.

तुमच्या मामांचं वाचून घास उतरला नाही. पोरांची शपथ घेणारा माणूस बुटं धुवून ठेवून जातो, आणि तुम्हाला त्यात चोर दिसतो? चोर सोडून संन्याशाला सुळी तर देत नाही ना तुम्ही?

वहिनी


४ मे

वहिनी,

सरदारचं वाचलं. त्या म्हाताऱ्याची लोकर कशी असते तेसुद्धा मी विसरले होते, एवढंच आज लिहिते.

दादाचं मला आधी सांगायला हवं होतंस. पण तो विषय मी काढू नये हे बरं.

थंडी संपली म्हणून स्वेटर ठेवून दिला आहे.

ते स्वेटर कुठल्या लोकरीचे हे तू कुणाला बोलली आहेस का? नसशील तर बोलू नकोस. कारण काही नाही.

लिलावाची तारीख लागली. मामाबद्दल पत्रात नको.

वन्सं


२८ मे

वन्सं,

पोरगा आणि सूनबाई आठवडाभर राहून गेले. सूनबाई मनानं चांगली आहे, तेच नडलं. मी औषध आणायला गेले तेवढ्यात तिनं ह्यांचा स्वेटर काढला, यंत्रात घातला आणि वर फुलांच्या वासाचा साबण ओतला. मी आले तेव्हा तो दोरीवर होता. बाहुलीच्या मापाचा झाला होता. ती म्हणाली, "आई, किती कुबट वास येत होता हो!" ती बिचारी रात्रीचं अंथरूणही बदलून गेली.

त्या दिवसापासून हे बाही शोधतात. अंगावर दुसरं काही घातलं तरी तिची बाही नाकाशी नेतात, हुंगतात आणि खाली सोडतात. पुन्हा नेतात. चहाचं विचारत नाहीत. कुणालाच काही विचारत नाहीत.

तुमचा स्वेटर पाठवा. धुवू नका, झटकू नका, उन्हात घालू नका. आहे तसा कागदात गुंडाळा. तुम्हाला थंडी लागली तर मी माझी शाल पाठवीन.

वहिनी


१२ जून

वन्सं,

स्वेटर टाकलात का पोस्टात? पोस्टमन आता मला दारात बघितलं की सायकल जोरात मारतो.

वहिनी


२० जून

वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. स्वेटरला कसर लागली. पेटीतून काढला तर चाळण झालेला. म्हणून सगळा उसवला आणि ती लोकर एका उशीत भरून पाठवते आहे. धुतलेली नाही. दादाला उशाशी दे किंवा मांडीवर दे, वास तोच आहे.

शास्त्रही सांगतं, की वास तेलात असतो, विणीत नसतो.

लिलाव झाला.

वन्सं


३ जुलै

वन्सं,

उशी आली. उसवलेली लोकर कितीही पिंजली तरी कुरळी राहते, तिला विणीची सवय झालेली असते. तुमच्या उशीतली लोकर सरळ आहे. ती कधी कातायला चातीवर चढलीच नव्हती. टाका उसवताच मला कळलं. रंग मात्र शोधून आणलात, अगदी सरदारचा.

तरी म्हटलं, मला कळलं म्हणून ह्यांना कळेलच असं नाही. एडका तो एडका. तुमच्या मेंढ्यांना कुठलाही चालतो, तुम्हीच लिहिलं होतं. टाके परत घातले आणि उशी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती नाकाशी नेली. बराच वेळ. त्यांचा हात वर आला, वन्सं. मला वाटलं, आता म्हणतील. चूल सोडून मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले, दिसावी म्हणून. त्यांनी उशी खाली ठेवली, माझ्याकडे सरकवली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "हा आपला नाही."

सूनबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले. त्यानंतर बोललेले नाहीत.

आमचा स्वेटर कुठं आहे?

वहिनी


१४ जुलै

वहिनी,

जाळला.

तुझं सरदारचं पत्र आलं त्याच संध्याकाळी. केंद्रात मेलेली कोकरं जाळायची भट्टी आहे, तिच्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मला तर तो काखेत घट्टही होत होता, तरी कळलं नाही. त्या मेंढ्या माझ्या बाह्यांना नाकं लावत होत्या आणि मी मायेच्या गप्पा मारत होते. तू झडती घे म्हणालीस. मी खिसे बघितले.

ज्याच्यासाठी त्या जाग्या झाल्या तो एडका कधी तिथं नव्हताच. होती मी. किती अंडी सुटली, कुणाची वाट बघून वाया गेली, आणि मी ती पडद्यावर बघून मामाचं नाव लिहून दिलं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा तोंड उघडलं असतं तर मामा परत आला असता आणि मी गेले असते. मी मला ठेवलं. पुरावा अंगावर होता, तो काढला आणि आत टाकला. दादाची बाही, "आलास का", सगळं त्याच पत्रात होतं गं. वाचलं होतं मी. पण माणूस घाबरला की पत्रातलं स्वतःपुरतं वाचतो. लोकर पटकन पेटत नाही. आक्रसते, कुरकुरते, मग वास सुटतो. तो मला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

उशीतला एडका केंद्राचा. त्यालाही लिलावात नेलं.

लिलावाच्या दिवशी मामा फाटकाशी आला होता. मेंढ्या गाडीत चढवताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होता. मला बघून जवळ आला. मला वाटलं, शिव्या देईल, निदान थुंकेल तरी. म्हणाला, "बाई, मी खरंच अंघोळ करत होतो. थंड पाण्यानं." मी मान हलवली आणि कागदांवर सह्या करत राहिले.

तुझं "हा आपला नाही" वाचून दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फाइल बंद झाली आहे. कारण बदलायचं तर ती उघडावी लागेल, आणि उघडायला आता केंद्र कुठं आहे?" मग मला निवृत्तीचा नमुना अर्ज दिला. मामाच्या खोलीला कुलूप आहे. शेजारचे म्हणतात, बायको-पोरांना घेऊन सासुरवाडीला गेला.

काल रिकाम्या शेडमध्ये गेले होते. फाटकाच्या तारेला, माझा कोपर नेहमी अडकायचा तिथं, एक तपकिरी दोरा लोंबत होता. बोटभर असेल. ऊन-पाऊस खाऊन राहिलाय. पाकिटात घातलाय. त्याला वास आहे की नाही मला सांगता येत नाही. मला तो कधीच कळला नव्हता. दादाला विचार.

तुझी


३० जुलै

वन्सं,

पाकीट मिळालं.

आधी मामांचं. सासुरवाडी म्हणजे काही चंद्र नाही. पत्ता काढा, जा, दारात उभ्या राहा आणि तोंडानं सांगा. पत्र पाठवू नका, पत्रात तुम्हाला खोटं फार छान जमतं. ते तोंडावर दार लावतील. लावू देत. त्या दाराबाहेर उभं राहणं एवढंच आता तुमच्या हातात आहे.

जाळलात त्यावर मला काही लिहायचं नाही. लिहायला बसले होते. ते कागद चुलीत घातले. तेही जळले.

हे तसेच. सकाळी मला "बाई" म्हणायचे, आता तेही नाही. अंधार पडला की दाराकडे बघत बसतात, ही परकी बाई अजून घरी का जात नाही म्हणून.

दोरा त्यांना दिलेला नाही. नाकाशी धरला आणि त्यांनी मान फिरवली, तर मग काहीच उरत नाही. सुयांच्या डब्यात ठेवलाय, झाकण घट्ट लावून. रोज हात डब्यापर्यंत जातो आणि परत येतो. तो डबा उघडत नाही तोवर ते मला ओळखतात.

वहिनी